आठवड्याची गोळी आणि ताठ बसायचा अर्धा तास

मागे या पानावर आपण बायकांच्या कंबरदुखीबद्दल बोललो होतो. त्यानंतर वस्तीतल्या चार-पाच घरांतून एकच प्रश्न आला: हाडं बळकट करायची गोळी सुरू केली आहे, ती घ्यावी की नको? आमचं उत्तर असं की डॉक्टरांनी दिली असेल तर घ्यावी, पण या गोळीची रीत इतर गोळ्यांसारखी नाही. ती रीत पाळली नाही तर औषधच जखम करतं.

आमच्या ओळखीतल्या एका आक्कांचं उदाहरण सांगतो. वय साठीकडे झुकलेलं. चिंचोळी एमआयडीसीत कंत्राटदाराकडे साफसफाईचं काम. ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाली आहेत असं तपासणीत निघालं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मिळाली. दुकानातून पट्टीचा कापलेला तुकडा हातात आला, सोबत कागद नाही. पहिली पाळी असल्यामुळे आक्का साडेचारला उठायच्या, घोटभर पाण्यानं गोळी गिळायच्या आणि गाडी येईपर्यंत जरा आडव्या व्हायच्या. पाणी घोटभरच का? तर वाटेत लघवीला जायची सोय नसते म्हणून. तिसऱ्या आठवड्यात छातीत जळजळ सुरू झाली आणि पुढे भाकरीचा घास उतरेना. घरचे पित्त समजून सोडा देत राहिले. अन्ननलिकेला जखम झाल्याचं दवाखान्यात गेल्यावर कळलं.

या गोळीचं नाव अ‍ॅलेन्ड्रोनेट. आठवड्याची गोळी बहुधा 70 मिलिग्रॅमची असते. आपल्या हाडात जुनं हाड कुरतडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी सतत काम करत असतात. पाळी गेल्यावर कुरतडणं वाढतं, भरणं मागं पडतं. ही गोळी कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालते. अमेरिकेत तिला 1995 साली मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या जखमांचे अहवाल डॉक्टरांनी छापले. त्यातल्या बऱ्याच जणांनी गोळी थोड्या पाण्यावर घेतली होती किंवा घेऊन लगेच अंग टाकलं होतं. आक्कांचंही तेच झालं. गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथली आतली त्वचा भाजल्यासारखी सोलते.

म्हणून सकाळी उठल्यावर, पोटात काही जाण्याआधी, तांब्यातलं मोठा पेलाभर साधं पाणी घ्या आणि गोळी अख्खी गिळा. चावू नका, चघळू नका. त्यानंतर किमान अर्धा तास बसा, उभ्या राहा किंवा चाला, पण आडव्या होऊ नका. त्या अर्ध्या तासात चहा नाही, बिस्किट नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. चहाशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही त्यांना हे जड जाईल, पण चहा-दुधाबरोबर ही गोळी अंगाला लागतच नाही, पैसे वाया जातात. कॅल्शियमची गोळी आणि पित्ताचं औषधही त्या वेळी नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घेतलेलं बरं. बोअरचं पाणी फार जड असेल, भांड्यावर पांढरे डाग पडत असतील, तर गोळीसाठी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी ठेवा; जड पाण्यातलं कॅल्शियमही गोळीला अडवतं. सकाळी बुद्धवंदनेला बसत असाल तर तो अर्धा तास सहज निघतो, फक्त पंचांग प्रणाम नंतर करा.

पाळीवाल्यांनी सुट्टीचा दिवस धरावा, म्हणजे पाण्याची आणि गाडीची चिंता नाही. पुरुषांचीही हाडं झिजतात. रात्रपाळी करून आलेल्या दादांनी घरी येऊन गोळी गिळून झोपू नये. रात्री झोप झालेल्या दिवसाची सकाळ निवडावी.

काही जणांना ही गोळी चालतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या आज्जींना, ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही, त्यांना घरच्यांनी प्रेमापोटी ती भरवू नये. घास अडकत असेल, मूत्रपिंड अधू असेल, रक्तात कॅल्शियम कमी असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. सुरू करण्याआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. घरातल्या कुणाचं ईएसआय कार्ड असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यातून उपचार मिळतात. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. नाहीतर सोलापूरचं सिव्हिल आहेच. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं, कारण दोन्ही मिळून पोटाला त्रास वाढतो.

दातांचं मात्र विसरू नका. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, तंबाखू धरणाऱ्या बायका कमी नाहीत आणि दात हलायला लागला की तो काढून टाकायचा हाच आपला उपाय. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. म्हणून किडके दात गोळी सुरू करायच्या आधीच दाखवा आणि दंतवैद्याला गोळीचं नाव सांगा. मिश्री सोडायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळायचं नाही.

मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे ठसठस राहिली तर तेही कळवा. फार वर्षं घेतल्यावर, अगदी थोड्या जणांत, मांडीचं हाड किरकोळ कारणानं मोडतं. म्हणूनच साधारण पाच वर्षांनी गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टर पुन्हा ठरवतात. आपल्या मनानं दहा वर्षं ओढू नये आणि आपल्या मनानं दुसऱ्या महिन्यात सोडूही नये. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख मुळीच चुकवू नका. ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका उलट वाढतो.

छातीत जळजळ किंवा गिळताना दुखणं सुरू झालं तर पुढची गोळी घेऊ नका, आधी दवाखाना गाठा. आक्कांची गोळी डॉक्टरांनी बंद केली, जखम भरल्यावर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन सुचवलं. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते हे त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या घाबरल्या नाहीत.

गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. बुधवार ठरला असेल आणि विसरलात, तर आठवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घ्या. एका दिवशी दोन गोळ्या नकोत. पुढची गोळी पुन्हा बुधवारीच.