आपल्या शेजारचे अंजीर : ओळख व लागवड

पुस्तकात पीच फळाचं चित्र पाहून तुम्ही विचारता, "हे झाड आपल्याकडे का नाही?" पीचला हिवाळ्यात बराच काळ कडक थंडी लागते. त्याशिवाय त्याला नीट बहर येत नाही. आपल्या दौंड तालुक्यात तेवढी थंडी कुठली! पण भांडगावजवळच्या खोर गावात आणि शेजारच्या पुरंदर तालुक्यात अंजीर मात्र झकास येतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

वैशिष्ट्ये : इथे 'पूना अंजीर' ही जात लावतात. फळ घंटेच्या आकाराचं, पिकल्यावर फिकट जांभळं, आतला गर लालसर असतो. अंजीर म्हणजे खरं तर आत वळलेला फुलोरा! फुलं आतच असतात, म्हणून ती दिसत नाहीत. या जातीला फळ धरण्यासाठी परागीभवनाची गरज नसते.

लागवड : रोपं फाटे कलमाने, म्हणजे पक्व फांदीचे तुकडे लावून करतात. जमीन निचऱ्याची हवी, मुळाशी पाणी साचलं की झाड खराब होतं. साधारण तिसऱ्या वर्षापासून उत्पन्न सुरू होतं.

बहर : झाडाला पाण्याचा ताण देऊन छाटणी करतात. खट्टा बहर पावसाळ्याच्या सुरुवातीला धरतात, त्याची फळं हिवाळ्यात येतात. मीठा बहर पावसाळा संपताना धरतात, त्याची फळं उन्हाळ्यात येतात. ती जास्त गोड असतात, पण उन्हाळाभर पाणी पुरायला हवं. विहीर आटली तर फळ पोसत नाही. म्हणून कोणता बहर धरायचा हे शेतकरी आधी पाणी बघून ठरवतो.

अडचणी : दमट हवेत तांबेरा रोग येतो. पानाखाली तांबूस भुकटी दिसते, पानं गळतात. दुसरं म्हणजे अंजीर तोडल्यावर नीट पिकत नाही, त्यामुळे पिकलेलंच तोडावं लागतं आणि ते एक-दोन दिवसांत खराब होतं. बाजारभाव पडला तरी माल घरी ठेवता येत नाही. वर्षाची मेहनत त्या दोन दिवसांवर असते. म्हणूनच अंजीर सुकवणं, जॅम करणं महत्त्वाचं ठरतं.

उपक्रम : जवळच्या बागेत मोठ्यांसोबत जा. चीक अंगाला लावू नका, खाज येते. एक अंजीर मधोमध कापून आतल्या फुलांचं चित्र काढा आणि शेतकरी काकांना विचारा, यंदा कोणता बहर धरला व का?