खडखडणारा डबा : जुना कॉम्प्युटर गावी पोचतो तेव्हा

गेल्या जुलैत सबमिशनच्या ऐन धामधुमीत घरून फोन आला. आप्पा म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर आला. पर खोकं हलवलं की आतनं खडखड वाजतंय." मी हॉस्टेलच्या जिन्यातच ओरडलो, "आप्पा, पिन लावू नका. बटण दाबू नका!" पलीकडून उत्तर, "आरं, पर चालू व्हतंय का बघाया नको का?"

मित्रांनो, हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. बघायला नको. निदान लगेच तरी नको.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आमचं गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. बहीण बारावी सायन्सला. सीईटीचे सराव पेपर ती मोबाईलच्या चार बोटं रुंद पडद्यावर सोडवायची आणि रात्री डोळे चोळत बसायची. कांद्याचे पैसे आले तेव्हा आप्पांनी त्यातले साडेआठ हजार माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तू इंजिनियर होणार ना, मग तूच बघ." पुण्यातल्या एका जुन्या संगणकांच्या विक्रेत्याकडून मी असेंबल केलेलं मशीन घेतलं : चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. दुकानात चालवून पाहिलं, उत्तम चाललं. मग साडेतीनशे रुपये भाडं भरून ते ट्रान्सपोर्टने गावी पाठवलं आणि मी निर्धास्त झालो. पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्राचे बोळे आणि सुतळी. विक्रेत्याला दोष देतो, पण समोर उभा राहून ते बघणारा मीच होतो.

आता थोडं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, कारण सगळं नुकसान तिथेच आहे. टेम्पोच्या फाळक्यावरून, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटरवरून, खोकं खाली पडलं असं समजा. वस्तू h उंचीवरून पडून d अंतरात थांबली, तर तिला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाच्या h भागिले d पट असतो. टणक जमिनीवर पुठ्ठा चेपून ५ मिलिमीटरमध्ये सगळं थांबलं, तर ८०० भागिले ५, म्हणजे १६० पट. प्रोसेसरवरचा कूलर ४०० ग्रॅमचा धरला तर त्या क्षणी तो ६४ किलोचा होतो. एक धडधाकट माणूस प्लास्टिकच्या चार खुंट्यांना लोंबकळला असं समजा. तोच डबा थर्मोकोलमध्ये किंवा फोममध्ये ४ सेंटिमीटर दबत थांबला असता, तर झटका २० पट, म्हणजे कूलरचं वजन ८ किलो. खुंट्यांनी ते हसत पेललं असतं. सांगायचं हे की पॅकिंगमध्ये मऊपणापेक्षा जाडी महत्त्वाची. बोळे पहिल्याच खड्ड्यात चेपतात आणि मग d उरतच नाही.

हार्ड डिस्कचं गणित मात्र वेगळं. बंद असताना तिची हेड्स बाजूला ठेवलेली असतात, त्यामुळे डेस्कटॉपची डिस्क क्षणभरासाठी साधारण ३०० जीपर्यंतचा झटका सोसेल असं उत्पादक सांगतात. चालू असताना हाच आकडा ६०-७० वर येतो. म्हणून प्रवासात वाचलेली डिस्क टेबलावर चालू असताना बसलेल्या एका धक्क्याने जाऊ शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला ही काळजी नाही.

शनिवारी शिरूरला उतरून मलठणमार्गे घरी पोचलो. खोकं ओसरीवर, बहीण शेजारी आणि चार शेजारी भोवती. पहिलं काम फोटो. खोक्याच्या सहा बाजू, दबलेला कोपरा, सुतळी, बिल्टी आणि मग उघडताना प्रत्येक थर. मोबाईलवर अखंड व्हिडिओ घेतला तर आणखी बरं. शेजारी हसत होते, पण पुढे कामाला आलं ते हेच.

मॉनिटर बाहेर काढला. पडद्यावर कोळ्याचं जाळं. पॅनेल फुटलेलं दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं आणि ते बदलण्यापेक्षा दुसरा जुना मॉनिटर स्वस्त पडतो. बहिणीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं, मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटर नव्हे." धीर द्यायला म्हटलं होतं, आत काय निघणार ते मलाही माहीत नव्हतं.

मग कॅबिनेट. उघडण्याआधी मागे एसएमपीएसवर बघा. जुन्या सप्लायवर एक लाल स्विच असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. प्रवासात घासून किंवा कुणाच्या उद्योगामुळे तो ११५ वर गेलेला असू शकतो. त्या स्थितीत आतलं सर्किट व्होल्टेज डबलरसारखं वागतं. आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५, दुप्पट झालं की ६५०, आणि तिथल्या दोन कपॅसिटरांच्या प्रत्येकी वाट्याला ३२५. त्यांची क्षमता बहुधा २०० व्होल्टची. मग फटाका. आमचा स्विच २३० वरच होता. एसएमपीएसचं झाकण मात्र कधी उघडू नका. पिन काढल्यावरही ते कपॅसिटर भरलेले राहू शकतात.

बाजूचं पान काढलं आणि खडखड सापडली. दोन गोष्टी. एक, कूलरच्या चारपैकी दोन खुंट्या निसटलेल्या, त्यातली एक तुटून तुकडा तळाशी पडलेला आणि कूलर एका बाजूला लोंबतोय. दोन, एक स्क्रू. हा स्क्रू मदरबोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये जाऊन बसला होता. मागच्या सोल्डरच्या टोकांना तो पत्र्याशी जोडत होता, म्हणजे सरळ शॉर्ट. आप्पांनी बटण दाबलं असतं तर? कूलर सुटला म्हणून प्रोसेसर बहुधा मेला नसता. आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, नाहीतर बंद होतात. पण त्या स्क्रूने बोर्डाचं काय केलं असतं, ते सांगता येत नाही. खडखड वाजणारा डबा चालू करायचा नाही तो यासाठी. पावसात भिजलेला असेल तरी तेच : बटणाएवढी बॅटरी काढून ठेवायची, सगळं सुटं करून दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्यायचं.

पुढची पद्धत आमच्या लॅबच्या काकांनी शिकवलेली. ते म्हणतात, "आजार शोधायचा असेल तर पेशंटला आधी उपाशी ठेव." सगळं बाहेर काढायचं. मदरबोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवायचा. ज्या चकचकीत पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, तिचा पृष्ठभाग वीजवाहक असू शकतो. बोर्ड उजेडात तिरका धरून बघायचा : तडा आहे का, फुगलेला कपॅसिटर आहे का, सॉकेटजवळ काही वाकलंय का. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर फुगले होते. त्या काळातलं मशीन हाती आलं तर प्रवासाला दोष देण्याआधी त्यांची डोकी तपासा. नंतरच्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि तो रोग बराच हटला.

मग एसएमपीएस एकटा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते. पिन काढलेली असताना तिचं टोक कुठल्याही काळ्या वायरच्या टोकाला क्लिपने जोडायचं, लोड म्हणून एखादा जुना फॅन लावायचा आणि मगच वीज द्यायची. मल्टिमीटरवर पिवळीला १२, लालला ५, नारिंगीला ३.३ व्होल्ट. पाच टक्क्यांची सूट, म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६ मध्ये हवी. आमची ११.९ आली, लाल ५.०६, नारिंगी ३.३४. पास! कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये ६ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर असू शकतो. तिथे रंगांवर विसंबून ही क्लिप लावू नका, त्या मॉडेलची पिनांची मांडणी आधी शोधा.

खुंट्यांचा नवा सेट आणि थर्मल पेस्ट मी पुण्याहून येताना तापकीर गल्लीतून घेतली होती. फोनवरच्या खडखडीवरून तेवढा अंदाज बांधला होता आणि तो खरा ठरला याचा अभिमान अजून आहे. जुनी पेस्ट पुसून मटाराएवढी नवी लावली. खुंटी बाणाच्या दिशेने फिरवली की सुटते, म्हणून बसवण्याआधी उलटी फिरवून मूळ जागी आणायची, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या. बोर्ड उलटा करून चारही काळी टोकं बाहेर आलीत का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हायवात विचारलं तर हेच उत्तर.

पहिला स्टार्ट रॅमशिवाय. हे विचित्र वाटेल, पण त्यात एक युक्ती आहे. बोर्डाला छोटा स्पीकर जोडला आणि रॅम नाही म्हणून तो ओरडला, तर त्याचा अर्थ प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचतोय आणि तक्रार करण्याइतपत शुद्धीवर आहे. ओरडला! बहीण म्हणाली, "दादा, बिघडलं का?" म्हटलं, "नाही गं, रडतंय म्हणजे जिवंत आहे." मग रॅमचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने पुसून एक पट्टी बसवली, आप्पांच्या टीव्हीला केबल जोडली आणि टीव्हीवर बायोसची अक्षरं उमटली. आईने देव्हाऱ्यातली हळद आणून डब्याला लावली. मी अडवलं नाही, फक्त फॅनच्या जाळीवर लावू दिली नाही.

आणि इथेच बहिणीने कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "चावतोय." हा प्रवासातला बिघाड नव्हे, आमच्या घरातला. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा मिलिअँपियरहून कमी प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण सप्लायमध्ये खरा बिघाड झाला तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० येतात आणि वाचवायला काही नसतं. बोर्डाचं तिसरं भोक आमच्याकडे निव्वळ शोभेचं होतं. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला. घर बांधल्यापासून आम्ही त्याशिवाय राहत होतो, हे मला, इलेक्ट्रिकलच्या पोराला, त्या दिवशी कळलं.

डिस्क सर्वांत शेवटी. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू केलं आणि डिस्कचा स्मार्ट अहवाल वाचला. पेंडिंग सेक्टर १७. दोन तासांनी पाहिलं तर ३१. संख्या वाढतेय म्हणजे डिस्क निघाली. धक्क्याने की वयाने, ते सिद्ध करता येत नाही. पण त्या डिस्कवर जे दिसलं त्याने मी हादरलो : कुठल्या तरी ऑफिसातल्या माणसांच्या पगारपत्रकांच्या आणि ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती. विकणाऱ्याने फॉरमॅटसुद्धा केलं नव्हतं. उघडून बघायचा मोह होतो, खोटं का बोलू. बंद केलं, पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली, आणि जिथे लिहिता येत नव्हतं त्यासाठी शेवटी चकत्यांना ड्रिलने भोकं पाडली. आपलं मशीन विकताना हे आठवा. जागी २४० जीबीची एसएसडी लावली आणि लिनक्सच ठेवलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही.

राहिले पैसे. आप्पांनी "माल सुस्थितीत मिळाला" वर सही केली होती. अशा वेळी सहीबरोबर "खोके दबलेले, आतून आवाज येतो, तपासणीच्या अधीन" एवढं लिहायचं. ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, बिल्टीवर मालकाची जोखीम असं छापलंय. छापलेलं असतं, पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा सांगतो की नुकसान वाहतूकदाराच्या हलगर्जीने झालं हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायची गरज नाही. पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात, जनरेटर संच आगीत गेले होते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जुन्या १८६५ च्या कायद्याखालीही हीच भूमिका घेतली होती आणि ग्राहक मंचापुढेही ती लागू धरली होती. अडचण दुसरीकडे आहे. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर २०११ च्या नियमांनुसार भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. आमचं भाडं ३५०, म्हणजे ३,५०० च्या वर काही नाही. बुकिंग करताना मी किमतीचा रकाना कोरा सोडला होता. दाव्याआधीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, आणि ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं.

मी नोटीस पाठवली, फोटो जोडून. विक्रेत्यालाही तेच फोटो पाठवले, पॅकिंगचे खास. तीन आठवडे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शेवटी विक्रेत्याने दुसरा जुना मॉनिटर अर्ध्या किमतीत दिला आणि ट्रान्सपोर्टने बाराशे रुपये परत केले. आयोगाकडे गेलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते. बहिणीचा सराव थांबला होता, म्हणून मिटवलं. बरोबर केलं की नाही, यावर आमच्या रूममध्ये अजून वाद आहे.

दुसरा मॉनिटर मी एसटीत मांडीवर घेऊन गेलो. कंडक्टरने त्याचंही तिकीट काढू का, असं विचारलं.