अंगकोरचे तीन दिवस : पडलेल्या मंदिरांची जपणूक

कंबोडियाच्या वायव्य भागात, तोन्ले साप या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तरेस, रान आणि भातशेती यांच्यामध्ये अंगकोरचे अवशेष विखुरलेले आहेत. संरक्षित क्षेत्रच सुमारे ४०० चौरस किलोमीटरांचे आहे. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन टेकड्यांवर, चक्रवर्तिपद धारण केले असे एका शिलालेखावरून दिसते. तेव्हापासून पंधराव्या शतकापर्यंत, थोडा काळ वगळता, ख्मेर राजांची राजधानी याच परिसरात राहिली. जवळचे सियम रीप हे नगर प्रवाशांच्या मुक्कामाचे ठिकाण होय. प्रवेशपत्रे एक, तीन आणि सात दिवसांची मिळतात. बहुतेक अभ्यासू प्रवासी तीन दिवसांचे घेतात.

एखादे मंदिर कोणी, केव्हा आणि कोणत्या देवतेसाठी बांधले, हे मार्गदर्शक सांगतोच. परंतु जाणता मार्गदर्शक त्यापुढे आणखी एक प्रश्न उपस्थित करतो : हे मंदिर आज उभे कसे आहे? अंगकोरमध्ये या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. तीन दिवसांची ही भेट त्या निरनिराळ्या उत्तरांचा परिचय करून देते.

प्रथम मंदिरे पडली का, हे समजून घेतले पाहिजे. ख्मेर स्थपतींनी पाषाण फक्त देवांसाठी वापरला. राजवाडे आणि घरे लाकडाची असत. ती केव्हाच नाहीशी झाली. मंदिरांसाठी कुलेन टेकड्यांच्या पायथ्याचा वालुकाश्म जलमार्गाने आणला जाई. पाया व आतील भाग यांसाठी जांभा वापरीत. दगड चुन्याशिवाय, एकमेकांवर घासून बसवलेले असत. छत पेलण्यासाठी खरी कमान नव्हती. दोन्ही बाजूंचे थर क्रमाक्रमाने पुढे काढून माथ्यावर मिळवीत. अनेक मंदिरांच्या चौथऱ्यांच्या पोटात ठासून भरलेली वाळू आहे. सांध्यांतून पावसाचे पाणी आत शिरले की वाळू सरकते, भिंती बाहेर फुगतात आणि एक दगड निसटला की त्याच्यामागून दहा दगड कोसळतात.

पहिला दिवस : अंगकोर वट

दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर उभारले. त्याभोवतीचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि भित्तिशिल्पांचा कथाक्रम पाहताना वास्तू डाव्या हातास ठेवून, म्हणजे अपसव्य, चालावे लागते. श्राद्धकर्मातील अपसव्य भारतीय वाचकास ठाऊक असते. याच कारणांमुळे हे मंदिर राजाच्या मरणोत्तर पूजेसाठी असावे, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. मृत्यूनंतर राजाला ‘परमविष्णुलोक’ हे नाव मिळालेच होते.

पश्चिमेच्या सज्जात कुरुक्षेत्रावरील युद्ध आहे. तेथून दक्षिणेकडील सज्जा ओलांडून पूर्वेस वळले की समुद्रमंथन येते. सुमारे ४९ मीटर लांबीच्या या एकाच पटावर देव आणि असुर वासुकीला ओढीत आहेत. अनेक भारतीय प्रवासी येथे थबकतात, कारण कथा ओळखीची असते. मात्र त्या देवासुरांचे चेहरे, मुकुट आणि अंगांची ठेवण संपूर्णपणे ख्मेर आहे.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आंरी मुओ याने १८६० मध्ये अंगकोरचा ‘शोध’ लावला, असे पुष्कळदा म्हटले जाते. वस्तुतः अंगकोर वट कधी हरवलेच नव्हते. राजधानी दक्षिणेकडे गेल्यावरही बौद्ध भिक्षू येथे राहत होते, यात्रेकरू येत होते, विष्णूच्या जागी बुद्धाची पूजा चालू होती. रान झाडणारे आणि दिवा लावणारे कोणीतरी येथे सतत होते, हे या मंदिराच्या टिकण्याचे एक मोठे कारण होय. दुसरे कारण खंदकाचे पाणी. मंदिराखालची वाळू ओलसर राहते तोवर ती भार पेलते. म्हणून नगराची वाढ आणि भूजलाचा उपसा हा येथील जपणुकीचाही प्रश्न झाला आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात येथे काम केले. देशात तेव्हा यादवी शमलेली नव्हती, आणि मदतीस आलेले देश थोडे होते. सर्वेक्षणाच्या पथकांनी कोसळलेले भाग सावरले. परंतु दगडांवरील शेवाळ काढण्यासाठी वापरलेली रसायने आणि सिमेंटची भरणी यांवर पुढे तज्ज्ञांनी टीका केली. तो वाद ऐकूनच प्रवाशाने पहिला दिवस संपवावा. दगड स्वच्छ करणे आणि दगड वाचवणे या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही.

दुसरा दिवस : बांतेय स्रेइ आणि ता प्रोम

बांतेय स्रेइ मुख्य समूहापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, ईशान्येस आहे. यज्ञवराह या राजगुरूने ९६७ मध्ये हे शिवमंदिर प्रतिष्ठापिले. तांबूस वालुकाश्मात कोरलेले कैलास हलवणारा रावण, मदनदहन, खांडववनाचा दाह हे प्रसंग लाकडावरील कोरीवकामासारखे बारीक आहेत. मंदिर इतके लहान आणि कोरीवकाम इतके मोहक, की चोरालाही ते सोपे वाटावे. १९२३ मध्ये आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने येथील शिल्पे काढून नेली. तो पकडला गेला, खटला झाला आणि शिल्पे परत आली. पुढे तोच मालरो फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला.

१९३१ ते १९३६ या काळात आंरी मार्शाल याने हे मंदिर नव्या पद्धतीने उभे केले. जावामधील डच पुरातत्त्वज्ञांकडून शिकलेली ही पद्धत अशी : पडलेला प्रत्येक दगड हुडकायचा, जमिनीवर जुळवून पाहायचा, उभा असलेला भाग क्रमांक टाकून उतरवायचा आणि सर्व दगड मूळ जागी पुन्हा रचायचे. नवा दगड आधारापुरताच वापरायचा. येथील यशानंतर ही पद्धत अंगकोरभर स्वीकारली गेली.

परतीच्या वाटेवर ता प्रोम लागते आणि तेथे नेमका उलट निर्णय दिसतो. सातव्या जयवर्म्याने ११८६ मध्ये प्रतिष्ठापिलेला हा ‘राजविहार’. प्रज्ञापारमितेची येथील मूर्ती राजमातेच्या रूपाने घडवली होती. शिलालेखानुसार ३,१४० गावांतील ७९,३६५ माणसे या विहाराच्या सेवेस बांधलेली होती. त्यांत ६१५ नर्तकी होत्या. त्याच लेखात राज्यातील १०२ आरोग्यशाळांचाही उल्लेख येतो.

फ्रेंचांनी हे मंदिर मुद्दाम रानातच राहू दिले. अवशेष प्रथम कसे दिसले असतील, हे पुढच्या पिढ्यांना कळावे हा हेतू. परंतु ‘जसेच्या तसे’ ठेवणेही सोपे नसते. मुळे भिंतींना कवळून धरतात, तशीच ती सांधेही उघडतात. झाड वाढते, म्हातारे होते आणि कोसळताना छत घेऊन जाते. या शतकाच्या आरंभापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण येथे काम करीत आहे. झाडांच्या प्रकृतीसाठी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे साहाय्य घेतले गेले. दुरुस्त झालेल्या नर्तनशाळेचे उद्घाटन २०२२ मध्ये झाले. झाड आणि भिंत या दोहोंनाही आधार देणारे लोखंडी टेके प्रवाशांच्या छायाचित्रांत सहसा येत नाहीत. मार्गदर्शकाने ते अवश्य दाखवावेत.

तिसरा दिवस : बायोन आणि बाफुओन

सातव्या जयवर्म्याची राजधानी अंगकोर थोम हिची तटबंदी प्रत्येक बाजूस सुमारे तीन किलोमीटर आहे. मध्यभागी बायोन हे अनेकमुखी मनोऱ्यांचे मंदिर. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, नौकायुद्ध असे जनजीवन कोरले आहे. १२९६ मध्ये येथे आलेला चिनी अधिकारी चौ ता-क्वान याच्या वृत्तांताशी ही शिल्पे ताडून पाहता येतात. बाजारातील व्यापार स्त्रियांच्या हाती असे, ही त्याची नोंद भिंतीवरही उमटलेली दिसते.

बायोनच्या वायव्येस बाफुओन आहे. दुसऱ्या उदयादित्यवर्म्याने अकराव्या शतकाच्या मध्यास बांधलेले हे शिवमंदिर चौ ता-क्वानने तांब्याचा मनोरा म्हणून वर्णिले आहे. पण त्याच्या पोटात वाळू होती आणि ती भिंतींना सतत बाहेर रेटीत होती. १९६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते उतरवण्यास प्रारंभ केला. सुमारे तीन लाख दगड क्रमांक टाकून भोवतालच्या रानात मांडले गेले. १९७० मध्ये युद्ध अंगकोरपर्यंत आले आणि काम थांबले. १९७५ मध्ये ख्मेर रूजची सत्ता आली. दगडांच्या नोंदींची कागदपत्रे नष्ट झाली. येथे काम शिकलेले कितीतरी ख्मेर कारागीरही त्या चार वर्षांत मेले.

१९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा रानात दगड होते, परंतु कोणता कोठला हे सांगणारे पुस्तक नव्हते. चुन्याशिवाय घडवलेला प्रत्येक दगड आपल्याच एका जागी बसतो. जवळपास कोठेतरी बसवून भागत नाही. फ्रान्समध्ये राहिलेली जुनी छायाचित्रे, वाचलेल्या कामगारांची स्मरणशक्ती आणि प्रत्येक दगडाचे नव्याने घेतलेले माप यांच्या बळावर पास्काल रॉयेर याच्या पथकाने ते कोडे सोडवले. २०११ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले.

एक प्रश्न मात्र मापाने सुटणारा नव्हता. सोळाव्या शतकात बौद्धांनी या शिवमंदिराचेच दगड काढून पश्चिम बाजूस सुमारे ७० मीटर लांबीचा निजलेला बुद्ध रचला होता. मूळ मंदिर पूर्ण करावयाचे तर बुद्ध मोडावा लागला असता. बुद्ध राखावयाचा तर मंदिर अपूर्ण राहणार होते. बुद्ध राखला गेला. पश्चिमेकडून पाहताना त्याची आकृती प्रथम दिसत नाही; भिंतच वाटते. मार्गदर्शक हाताने रेषा दाखवतो, तेव्हा डोके आणि खांदा उमगू लागतात.

या तीन दिवसांत प्रवासी वसते राहिलेले, पुन्हा रचलेले, रानाकडे सोपवलेले आणि दोन युगांची साक्ष एकत्र ठेवणारे अशी मंदिरे पाहतो. यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्वत्र योग्य ठरली नसती. मात्र सर्वत्र एक गोष्ट समान आढळते : दगड ओळखणारी माणसे आणि त्यांच्या नोंदी. बाफुओनचे दगड पाव शतक रानात पडून राहिले तरी शाबूत होते. नष्ट झाली ती कागदपत्रे आणि माणसे. आज संरक्षणाच्या कामात ख्मेर तरुण पुन्हा हे शिक्षण घेत आहेत. अंगकोर पुढे किती काळ उभे राहील, हे पाषाणाइतकेच त्यांच्यावरही अवलंबून आहे.