अलीकडील फायलींची यादी : सोय आणि सावधगिरी

शाळेतील अथवा ग्रामपंचायतीतील एकच संगणक अनेकदा अनेकांच्या वापरात असतो. छायाचित्रांवर काम करण्याचे सॉफ्टवेअर नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी आपोआप ठेवते. त्यामुळे अपुरे काम चटकन सापडते. परंतु फाईलला विद्यार्थ्याचे वा लाभार्थ्याचे नाव दिलेले असल्यास ते पुढे बसणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते.

ही यादी म्हणजे ग्रंथालयाची सूची होय, ग्रंथ नव्हे. यादी पुसल्याने मूळ छायाचित्र नष्ट होत नाही. तसेच यादीत नाव दिसते म्हणून छायाचित्र सुरक्षित आहे, असेही नव्हे. फाईल अन्यत्र हलविल्यास जुनी नोंद निरुपयोगी ठरते.

१९९६ साली प्रथम प्रसृत झालेल्या, विनामूल्य 'गिम्प'मध्ये एखादी नोंद, मूळ जागी न उरलेल्या फायलींच्या नोंदी किंवा संपूर्ण यादी काढून टाकता येते. 'फोटोशॉप'मध्ये यादी पुसता येते आणि तीत किती नावे असावीत हेही ठरविता येते. विंडोज आपली स्वतंत्र यादी ठेवते, तीही तपासावी.

फायलींना व्यक्तीच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक द्यावा आणि मूळ छायाचित्रे नेमून दिलेल्या जागी जतन करूनच यादी पुसावी. छायाचित्र विश्वासाने काढू देणाऱ्यांप्रती हे आपले कर्तव्यच आहे.