थुंकू नकोस, गिळ

बाळा, दाढ निघाली म्हणजे सुटलो, असं वाटत असेल तुला. डॉक्टरांचं काम संपलं, तुझं आता सुरू झालंय आणि ते आठवडाभर पुरेल. दाढ होती तिथे खळगा पडतो, त्यात रक्त साकळून गाठ बसते आणि खालचं हाड नि नसा तिच्याखाली झाकल्या जातात. मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या एका गाठीच्या राखणीसाठी आहे. डॉक्टरांनी याहून वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐक. मावशीला तोंड आहे, पदवी नाही.

१. दाताखाली दिलेला बोळा पाऊण-एक तास घट्ट दाबून धर आणि ‘थांबलं का बघू’ म्हणून मधेच काढू नकोस — दर वेळी उचकटलास की साकळत आलेलं रक्त पुन्हा सुटतं.

२. तेवढा वेळ गप्प बसायचं. ‘कसं झालं रे?’ विचारणाऱ्या सगळ्यांना मेसेज कर — बोललास की जबडा हलतो नि बोळा ढिला पडतो.

३. पहिला दिवसभर थुंकायचं नाही, चूळही भरायची नाही. लाळ आली की गिळायची — थुंकताना तोंडात जी ओढ बसते, तीच ती गाठ उपटते. आमच्या घरात मी सांगूनच ठेवलंय: आज थुंकेल तो परवा रडेल.

४. लाळ गुलाबी दिसली, उशीवर डाग पडला, तरी लगेच आईला फोन लावून तिला घाबरवू नकोस — थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की सगळं लालच दिसतं. अभ्रा मात्र जुना घाल, नाहीतर बोलणी बसतील.

५. रक्त खरंच भळभळतंय असं वाटलं तर स्वच्छ गॉजची घडी ओली करून त्या जागी ठेव आणि अर्धा तास ताठ बसून दाब. गॉज नसेल तर टी-बॅग भिजवून, पिळून तीच दाब — चहातल्या तुरट द्रव्यानं रक्त धरायला मदत होते. एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन, मग रात्र असो की पहाट.

६. शहाळेवाल्याला सांग, स्ट्रॉ नको, पाणी भांड्यात ओत — ओढून पिणं आणि थुंकणं, गाठीला दोन्ही सारखंच.

७. कपालभाती, भस्त्रिका, बासरी, फुगे फुगवणं, सगळं आठवडाभर बंद. जिम नि ढोलपथकाचा सरावही तीन-चार दिवस राहू दे — जोर लावला की रक्तदाब चढतो नि थांबलेलं रक्त पुन्हा वाहायला लागतं.

८. वरची दाढ काढली असेल तर नाक जोरात शिंकरू नकोस, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून दे — त्या दाढेची मुळं गालातल्या हाडाच्या पोकळीला टेकलेली असतात, दाब आला तर मधला पातळ पडदा फाटायची भीती असते.

९. ओठ बधिर आहे तोवर चावून काही खायचं नाही आणि चहाही नाही — जीभ भाजली की ओठ चावला, हे भूल उतरल्यावरच कळतं. दोन-चार तासांचा प्रश्न आहे, राजा.

१०. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घे, पोटात वाटीभर दही असू दे — ठणका एकदा चढला की गोळीला त्याला गाठायला वेळ लागतो, आणि रिकाम्या पोटी घेतलीस तर दाढेबरोबर पोटही दुखेल. गोळी डॉक्टरांनी लिहिलेलीच. डब्यात सापडलेली अ‍ॅस्पिरिन नको, तिनं रक्त पातळ होतं.

११. पहिल्या दिवशी गालाला बर्फ लाव, पण रुमालात गुंडाळून आणि १५ मिनिटं लावला की तेवढाच वेळ काढून — सलग धरून ठेवलास तर कातडी भाजल्यासारखी होते. दोन दिवसांनंतर बर्फाचा उपयोग नाही, मग कोमट शेक.

१२. रात्री दोन उशा घे — डोकं उंच राहिलं की सूजही कमी येते नि ठणकाही.

१३. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सगळ्यात जास्त फुगतो, म्हणून त्या दिवसांत आरशाशी भांडू नकोस नि पासपोर्टचा फोटोही काढायला जाऊ नकोस. गालावर, गळ्यावर हिरवट-पिवळा डागही उतरेल — आत साचलेलं रक्त खाली झिरपतं, आपोआप जातं.

आता खाणं. इथंच सगळे घसरतात, म्हणून जरा बैजवार सांगते.

१४. पहिला दिवस गार किंवा कोमट आणि न चावता गिळता येईल असं: ताक, सायीचं दही, नाचणीची आंबील, पातळ पेज. मस्तानीही चालेल, पण वरचा सुका मेवा काढून नि चमच्यानं — लाड करायला माझी हरकत नाही, स्ट्रॉला आहे.

१५. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, तूप-मीठ, मुगाचं वरण, कुस्करलेला बटाटा, केळं, मऊ अंडं. नुसत्या आइस्क्रीमवर आठवडा काढायचा बेत असेल तर तो मोडून टाक — मांस भरून यायला वरण-अंड्यातली ताकद लागते. भूक भागते भातानं, भोक भरतं वरणानं.

१६. फोडणी हिंग-हळदीची करायला सांग, मोहरी-जिरं नको. तीळ, खसखस, टोमॅटोच्या बियासुद्धा नकोत — मोहरीचा एक दाणा त्या खळग्यात जाऊन बसला की दिवसभर जीभ तिथंच घुटमळते, आणि जिभेनं टोकरलेली जखम भरत नाही.

१७. साबुदाण्याच्या खिचडीला फसू नकोस. ताटात ती मऊ दिसते, पण तिच्यातलं दाण्याचं कूट थेट खळग्यात शिरतं. त्या आठवड्यात उपवास आलाच तर साबुदाण्याची खीर खा, नाहीतर उपवास सोड — देव समजून घेतो, हिरडी नाही घेत.

१८. मिसळ, चिवडा, भाकरीचा कड, ठेचा, फरसाण दोन आठवडे लांब. रूमवरचे मित्र मुद्दाम तुझ्यासमोर मिसळ मागवतील. तू हेडफोन लावून आतल्या खोलीत जा.

१९. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दर खाण्यानंतर तोंडात धर, मान डावी-उजवीकडे कलव आणि बेसिनवर वाकून तोंड नुसतं उघड, पाणी आपोआप पडू दे — खुळखुळून पिचकारी मारलीस तर आदल्या दिवशीचं सगळं पथ्य वाया. आधी नको, नंतर चुकवू नको.

२०. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशनं हलक्या हातानं घास, जखमेची जागा तेवढी सोड — तोंड घाण राहिलं की जंतू आधी उघडी जखमच शोधतात.

२१. सिगारेट ओढत असशील (मी विचारत नाही, तू सांगू नकोस), तर निदान आठवडाभर बंद. तंबाखू, गुटखा, मिश्रीही त्यातच आल्या — धुरानं रक्तपुरवठा आखडतो नि झुरका मारताना पुन्हा तीच ओढ बसते.

२२. दुखणं साधारण दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलटं वाढलं, कळ कानापर्यंत गेली, तोंडाला घाण वास आणि चव आली, तर गाठ निसटून हाड उघडं पडलं असं समज. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या दाढेला हे जास्त होतं. गोळ्या वाढवून सोसत बसू नकोस — दवाखान्यात खळगा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेक वेळा काही तासांतच माणसाच्या चेहऱ्यावर रंग येतो.

२३. त्या पट्टीत लवंगेच्या तेलातलंच औषध असतं बरेचदा, म्हणून कोणीतरी काकू घरची बाटली पुढे करेल. हसून घे आणि कपाटात ठेव — कच्चं तेल ओल्या हिरडीला भाजतं. हळद कोंबणं, तुरटी घासणं, हेही काकूंनाच लखलाभ.

२४. खळग्यात पांढरट-पिवळा थर दिसला की पू झाला म्हणून टूथपिकनं खरवडू नकोस — ते नवं मांस धरायला लागल्याचं लक्षण असतं. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला महिने.

२५. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नसेल तर आठवडाभर ते चालतं. सूज उतरायला लागली की दिवसातून थोडं थोडं उघडायचा सराव कर — न हलवलेला जबडा आणखीनच आखडतो.

२६. अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर दारू अजिबात नाही, पार्टी असो की वाढदिवस — दोन्ही एकत्र पोटात गेली तर उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा धोका असतो.

२७. ताप चढतोय, तीन दिवसांनंतरही सूज वाढतेच आहे, पू येतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय तर फोनही करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर तेही सांग — खालच्या दाढेच्या मुळांजवळून नस जाते, दुखावली असेल तर बहुधा हळूहळू भरून येते, पण डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंद हवी.

२८. हा कागद काकांनाही वाचून दाखव, त्यांचीही एक दाढ कधीची हलतेय. त्यांना शुगर आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही — हृदयासाठी दिलेली गोळी दाढेपायी सोडली तर भलतंच व्हायचं.

२९. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे निघतानाच विचारून ठेव. काढायचे असतील तर साधारण आठवड्यानं बोलावतात; आता दुखत नाही म्हणून ती चक्कर टाळू नकोस — राहिलेल्या टाक्यात अन्न अडकून हिरडी नव्यानं सुजते.

३०. डाव्या बाजूचीही काढायची म्हणालास ना? ही बाजू व्यवस्थित चावायला लागेपर्यंत तारीख घेऊ नकोस — दोन्हीकडे एकदम दुखलं तर तो गुरगुट्या भात तरी कुठून खाशील? आणि तारीख ठरली की आईच्या आधी मला कळव. आंबिलीचं पीठ दळून ठेवायला दोन दिवस लागतात.