बोटं पांढरी होण्याची वाट पाहू नका

ग्राइंडर चालवणाऱ्याच्या हाताला मुंग्या यायच्याच, असं आमच्या धंद्यात धरूनच चालतात. शहाडपासून उल्हासनगरपर्यंत ग्रिल, गेट, शेडची कामं करणारे फॅब्रिकेशनचे गाळे काही कमी नाहीत. अशाच एका गाळ्यात मी हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे बरीच वर्षं वेल्ड घासायचा ग्राइंडर हातात राहिला. साइटवर गेलो की काँक्रीट फोडायचा ब्रेकर. संध्याकाळी मशीन खाली ठेवलं तरी हातातली थरथर जायची नाही. कसारा लोकलची दांडी धरली की गाडी हलतेय की माझा हात, तेच कळायचं नाही.

खटकलं ते एका सहा एमएमच्या नटामुळे. गेटच्या चौकटीमागे हात घालून, न बघता, नट बोल्टवर चढवायचा होता. एरवी हे काम गप्पा मारत व्हायचं. त्या दिवशी नट चिमटीतून सुटला आणि लादीवर वाजला तेव्हाच मला कळलं की तो बोटांत नाही. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी हाताखालच्या पोराने चढवला. मग शर्टाचं गळ्याजवळचं बटण, नोटा मोजणं, चहाच्या टपरीवर सुटे पैसे वेचणं, सगळीकडे तोच प्रकार दिसायला लागला. रात्री मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की जरा बरं वाटायचं.

डॉक्टरांकडे आधी मानेचा एक्स-रे झाला, मग शुगर, मग बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. या तिन्ही कारणांनी मुंग्या येतात, ती तपासलीच पाहिजेत. पण केसपेपरवर कामाच्या जागी नुसतं ‘नोकरी’ लिहिलं होतं. पुढे एका डॉक्टरांनी हातात कुठलं मशीन असतं, दिवसातून किती वेळ, असं खोदून विचारलं, नसांची तपासणी करून घेतली, तेव्हा उलगडा झाला.

मशीनच्या सततच्या कंपनांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा, दोन्ही बिघडतात. हा आजार काही आजचा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर हवेच्या दाबावरची हत्यारं वापरायचे. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांचे हात तपासले. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडायची, आणि छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला त्रास जास्त होता. पुढे या आजाराची ओळखच ‘पांढरी बोटं’ अशी झाली.

आपल्याकडे घोटाळा नेमका इथेच होतो. शहाडच्या उकाड्यात बोटं पांढरी पडायची कशी? गरम हवेच्या मुलखात हे लक्षण क्वचितच दिसतं. मुंग्या, बधिरपणा, चिमटीतली ताकद जाणं, हेच आधी येतं. माझं मधलं बोट पांढरं पडलेलं मी पाहिलं ते जानेवारीत, पहाटे माळशेज घाटातून मोटरसायकलने गावी जाताना. दोन पेरांपर्यंत खडूसारखं. नट मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होते. रक्तवाहिन्यांचा त्रास काम वेळेत थांबवलं तर कमी होऊ शकतो. मेलेली नस मात्र बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून मशीन ठेवल्यावरही मुंग्या टिकायला लागल्या, की तेवढंच डॉक्टर गाठायला पुरेसं समजा.

आता मशीन किती वेळ चालवायचं, त्याचा हिशोब. चांगल्या मशीनच्या माहितीपुस्तकात कंपनाचा आकडा (m/s² मध्ये) छापलेला असतो, ते बॉक्सबरोबर फेकू नका. युरोपने २००२ साली मर्यादा घातली. आठ तासांच्या हिशोबाने अडीचच्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे, आणि पाचच्या वर कामगाराला जाऊच द्यायचं नाही. मशीनचा आकडा ५ असेल तर अडीचची रेषा २ तासांत येते. आकडा १० असेल तर एका तासात नव्हे, अर्ध्याच तासात! कंपन दुप्पट झालं की वेळ चौथाईवर येते, हे भल्याभल्या सुपरवायझरांना माहीत नसतं. वेळ धरायची ती बटण दाबलेलं असतानाचीच. छापील आकडा प्रयोगशाळेतला असतो, साइटवर बहुधा जास्तच भरतो. ब्रेकर दोघांनी आलटून पालटून चालवायचा तो यासाठी.

बेअरिंग गेलेला ग्राइंडर आणि एका बाजूने झिजलेली डिस्क हात खातात. बाजूचं हँडल काढून ठेवू नका. मशीन आवळून धरलं की कंपन जास्त चढतं, तेव्हा घासण्याचं काम मशीनला करू द्या. महागड्या ‘अँटी-व्हायब्रेशन’ हातमोज्यांवर फार भिस्त ठेवू नका. ग्राइंडरला थोडाफार उपयोग होतो, ब्रेकरच्या संथ, जड दणक्यांपुढे जवळपास नाहीच. हात कोरडे आणि उबदार राहतात, एवढा फायदा धरा. आणि तंबाखू, विडी, मिश्री काहीही असो, निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. हे सांगितलं की गाळ्यात सगळे माझ्याकडे बघून हसतात, तरी सांगतो.

कायद्याच्या आधारावर विसंबता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार होते. रेयॉनच्या धंद्यातल्या कार्बन बायसल्फाइडची विषबाधा त्यात होती, आवाजाने येणारं बहिरेपणही होतं. कंपनाचा आजार नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र तो आहे. त्यामुळे कागद आपणच जमवायचे. कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड असेल तर दवाखान्यात जाताना कुठलं मशीन, रोज किती वेळ, किती वर्षं, हे चिठ्ठीवर लिहून न्या आणि केसपेपरवर नोंदवून घ्या. ठेकेदाराकडे किलोवर काम करणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण मशीन जितका वेळ बंद तितकी त्यांची मजुरी बुडते, आणि दुखणं अंगावर काढण्यात तेच पुढे असतात.