महायुद्धे आणि आपल्या घरातील पेटी

दोन महायुद्धांतील महार सैनिकांवर पुस्तक लिहावयास घेतल्यापासून एक अडचण सतत जाणवते. पलटणीच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी आहेत. कागद मात्र थोडे, आणि आहेत तेही बहुतांशी साहेबाच्या हातचे. म्हणून आठवण आणि दस्तऐवज समोरासमोर ठेवूनच पुढे सरकावे लागते.

आधी कालक्रम पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तथाकथित लढाऊ जातींच्या सिद्धान्तापायी महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली इंग्रज सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली; निकड सरताच १९२१ मध्ये ती मोडली. पुढे जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली.

या तारखा पाठांतरासाठी नव्हेत, चाळणीसाठी आहेत. ‘आजोबा १९३९ साली महार रेजिमेंटमध्ये होते’ असे कोणी सांगितले, तर ते खोटे म्हणून झटकू नये. स्मरणात साल सरकते. कधी आधीची नोकरी अन्य दलात झालेली असते. परंतु तपास न करता ते वाक्य छापणे हा त्या आजोबांवरच अन्याय होय. आपल्या इतिहासाकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत. एक तारीख चुकली, की दहा खऱ्या गोष्टी ते नाकारतात.

गावोगावच्या स्मृतिशिलांचाही उपयोग बेताचाच. महायुद्धास किती माणसे गेली आणि किती मेली, एवढे आकडे त्यांवर असतात, नावे नसतात. त्या आकड्यात महारवाड्यातील किती, हे शिळा सांगत नाही. (गावकीने जे वेगळे राखले, ते मरणाच्या आकड्यात मात्र सहज एक झाले!) राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी येथे उपयोगी पडतात. अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे तेथे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा आढळतो. गावांची नावे इंग्रजी उच्चाराने विपर्यस्त झालेली असल्याने ती मोठ्याने वाचून पाहावीत.

सर्वांत भरवशाचा पुरावा मात्र पुष्कळदा घरच्याच पेटीत असतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. सैनिकांना ते चांदीचे मिळे, मजूर तुकड्यांतील माणसांना काशाचे. काशाचे म्हणून ते कमी मोलाचे समजू नये. ज्या मजुरांविषयी ग्रंथांत ओळही नाही, त्यांचा तो लेखी दाखला आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरी असे पदक, सेवामुक्तीचा कागद किंवा पेन्शनबुक असल्यास त्याचे छायाचित्र शाळेकडे पाठवावे. पदक चिंचेने घासून चकचकीत करू नये. कडेवरील अक्षरे झिजतात.